अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमातील उत्पादन प्रक्रिया, विद्युत यंत्रे आणि प्रकल्प व्यवस्थापन : पश्चिम भारताच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात उत्पादन प्रक्रिया, विद्युत यंत्रे आणि प्रकल्प व्यवस्थापन हे तीन विषय आज शेजारी शेजारी शिकविले जातात. मात्र त्यांचा उगम एका काळातील नाही आणि एका गरजेतूनही झालेला नाही. सरकारी बांधकाम खाते, कापड गिरणी व रेल्वे, वीज कंपनी आणि स्वातंत्र्योत्तर नियोजनबद्ध उद्योग या वेगवेगळ्या मागणीदारांनी हे विषय वेगवेगळ्या वेळी पदवीच्या दारात आणून सोडले. प्रस्तुत शोधनिबंधात पुणे, मुंबई व बडोदा येथील शिक्षणसंस्थांच्या आधारे या प्रवासाचा मागोवा घेण्यात आला असून, या तीन विषयांमधील परस्परसंबंध कारखान्यात व प्रकल्पस्थळी दृढ राहिला, परंतु परीक्षापद्धतीत तो तुटला, असे प्रतिपादन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : तंत्रशिक्षण, कर्मशाळा, विद्युत यंत्रे, प्रकल्प व्यवस्थापन, अभ्यासक्रमाचा इतिहास.

प्रस्तावना :
भारतातील आधुनिक शिक्षणाच्या इतिहासलेखनात कला व विधी शाखांना जेवढे स्थान मिळाले तेवढे अभियांत्रिकी शिक्षणाला मिळालेले नाही. जे लेखन झाले आहे त्याचाही भर संस्थांची स्थापना, इमारती, प्राचार्य आणि नामवंत माजी विद्यार्थी यांवर राहिला. वर्गात नेमके काय शिकविले जात होते, ते का शिकविले जात होते आणि विद्यार्थी ते हाताने करीत होता की केवळ वहीत उतरवीत होता, हे प्रश्न बहुधा मागे पडले. वास्तविक अभ्यासक्रम हा समाजाच्या आर्थिक गरजांचा आणि श्रमविषयक धारणांचा आरसाच असतो. एखादा विषय पदवीत केव्हा आला आणि कोणासाठी आला हे समजले, म्हणजे त्या काळी ‘अभियंता’ या शब्दाने कोणता मनुष्य अभिप्रेत होता हेही समजते.

या दृष्टीने उपरोक्त तीन विषयांची निवड अर्थपूर्ण ठरते. उत्पादन प्रक्रिया हा विषय हाताशी व हत्याराशी जोडलेला आहे, विद्युत यंत्रे हा विषय सिद्धान्त व प्रयोग यांच्या सीमेवर उभा आहे, तर प्रकल्प व्यवस्थापन हा वेळ, पैसा व माणसे यांच्या हिशोबाचा विषय आहे.

उद्दिष्टे :
१. उत्पादन प्रक्रिया, विद्युत यंत्रे व प्रकल्प व्यवस्थापन या विषयांचा पदवी शिक्षणातील प्रवेश कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत झाला याचा शोध घेणे.
२. या विषयांमागील मागणीदार घटकांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. या तीन विषयांमधील अंतर्गत नाते व त्यात पडत गेलेले अंतर तपासणे.

बांधकाम खात्याची पदवी :
भारतातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ रुरकी येथे १८४७ मध्ये झाला. गंगा कालव्याच्या कामासाठी प्रशिक्षित माणसे हवी होती, हे त्यामागील तात्कालिक कारण. पश्चिम भारतात १८५४ मध्ये पुणे येथे ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. इमारती, धरणे, कालवे, रस्ते व पूल या कामांवर दुय्यम दर्जाचे अधिकारी पुरविणे हा त्याचा हेतू होता. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत याच सुमारास सार्वजनिक बांधकाम खात्याची पुनर्रचना झाली. खाते आणि शाळा यांचा जन्म असा जवळजवळ एकत्र झाला.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली होती. म्हणजे वाफेचे इंजिन, चात्या आणि रूळ ही नवी यंत्रसृष्टी पश्चिम किनाऱ्यावर उतरत असताना पुण्यातील वर्ग मात्र मुख्यतः दगड, चुना आणि पाटाचे पाणी यांकडे पाहत होता. याचे कारण उघड आहे. पदवीधराला नोकरी देणारे सरकार होते आणि सरकारला बांधकामे करावयाची होती. गिरणीला व रेल्वेला लागणारे यंत्रज्ञ प्रारंभी इंग्लंडहून, विशेषतः लँकेशायरहून, येत असत. रेल्वेच्या कर्मशाळांमधील वरच्या दर्जाची उमेदवारी युरोपीय व अँग्लो-इंडियन तरुणांच्या वाट्याला येई. यंत्राचे ज्ञान विद्यापीठाच्या बाहेर राहिले, आणि तेथेही ते रंगभेदाच्या भिंतीआड राहिले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८६० च्या दशकात पुण्याची संस्था विद्यापीठाशी संलग्न होऊन ‘एल. सी. ई.’ म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग ही परीक्षा सुरू झाली. संस्थेचे नाव पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ आणि १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ असे झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८३ मध्ये येथूनच एल. सी. ई. परीक्षा उत्तीर्ण केली. वरिष्ठ पदांसाठी मात्र इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे १८७२ ते १९०६ या काळात स्वतंत्र महाविद्यालय चालविण्यात आले. त्यामुळे भारतातील पदवीधर प्रायः दुय्यम श्रेणीत राहिला.

या काळातील अभ्यासक्रमात ‘प्रकल्प व्यवस्थापन’ हे नाव कोठेही आढळणार नाही, परंतु त्याचे बीज येथेच आहे. अंदाजपत्रक तयार करणे, दरसूचीप्रमाणे मालाची किंमत काढणे, निविदा मागविणे, झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तकात घेणे आणि त्यावरून ठेकेदाराचे देयक मंजूर करणे ही खात्याची रोजची कामे होती. हा व्यवहार जितका गणिताचा तितकाच सचोटीचा होता. महात्मा जोतीराव फुले स्वतः ठेकेदारीच्या व्यवसायात होते आणि इंजिनिअर खात्यातील कामगारांच्या लबाडीवर त्यांनी आपल्या लेखनात कठोर टीका केली. मोजमापाची नोंद खोटी झाली तर धरणाची भिंत कागदावर पुरी होते आणि प्रत्यक्षात अपुरी राहते, हे ठेकेदार म्हणून वावरलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात उच्च शिक्षण व्यवहारोपयोगी नसल्याबद्दल त्यांनी जो असंतोष व्यक्त केला, त्याला ही पार्श्वभूमी होती.

गिरणी, कर्मशाळा आणि हाताचे काम :
उत्पादनविषयक शिक्षणाला पश्चिम भारतात संस्थात्मक रूप मिळाले ते १८८७ मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ (व्ही. जे. टी. आय.) स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीचा तिला आधार मिळाला. भायखळा येथे सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंगा येथे गेली आणि १९९७ मध्ये तिचे नामकरण ‘वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ असे झाले. पुण्यातील महाविद्यालय सरकारी खात्याकडे पाहत होते, तर या संस्थेची दृष्टी गिरणीकडे होती. यंत्रकाम व वस्त्रनिर्माण हे येथील प्रमुख विषय. येथील विद्यार्थी दीर्घकाळ विद्यापीठाची पदवी घेत नसे, तर संस्थेची पदविका घेई. ‘एल. एम. ई.’ आणि ‘एल. ई. ई.’ ही अक्षरे अनेक मराठी घरांत नावापुढे अभिमानाने लावली गेली. पदवी अभ्यासक्रम येथे स्वातंत्र्याच्या सुमारास आले.

हा भेद वरवरचा नाही. हाताने काम शिकणाऱ्यास पदविका आणि पुस्तकाने शिकणाऱ्यास पदवी अशी विभागणी त्यातून रूढ झाली. ऐरण, भाता, कानस, रंधा आणि ओतकामाची माती ही साधने लोहार, सुतार, तांबट, ओतारी यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण पदवीच्या वर्गात मुख्यतः ज्या जाती येत होत्या त्यांच्या घरात ती नव्हती. ज्यांच्या हातात कौशल्य होते त्यांना इंग्रजी शिक्षण नव्हते आणि ज्यांना इंग्रजी शिक्षण होते त्यांना हत्यार धरण्याची सवय नव्हती. कर्मशाळा हा विषय या दोन जगांना एकत्र आणण्याची एक संधी होता, असे म्हणावे लागेल.

ही संधी ओळखून बडोदा संस्थानात वेगळा प्रयोग झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये ‘कलाभवन’ स्थापन झाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, रेखांकन हे विषय तेथे शिकविले जात आणि ते देशी भाषांतून शिकविण्यावर भर होता. त्यासाठी गुजराती व मराठी भाषांत तांत्रिक ग्रंथ सिद्ध करण्याचा उपक्रमही हाती घेण्यात आला. कारागिराचा मुलगा व शिक्षित कुटुंबातील मुलगा एका छपराखाली यावेत अशी ही कल्पना होती. १९०८ मध्ये तळेगाव येथे पैसा फंडाच्या वतीने सुरू झालेल्या काच कारखान्यातही उत्पादन आणि प्रशिक्षण यांची हीच सांगड घातलेली दिसते.

पदवीच्या बाहेर घडलेल्या उत्पादनशिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६). मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ शिकून ते व्ही. जे. टी. आय. मध्ये यांत्रिक रेखांकनाचे शिक्षक झाले. पुढे बेळगाव येथे सायकलींचा व्यवसाय, लोखंडी नांगराची निर्मिती आणि १९१० मध्ये कुंडल रोड येथील माळरानावर किर्लोस्करवाडीची उभारणी असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडी नांगराचा फाळ ओतताना धातू कोठे भरत नाही, कोठे पोकळी राहते आणि काळ्या जमिनीत तो का तुटतो, याचे ज्ञान ओतशाळेत व शेतात मिळाले. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. एका घरातील या दोन पिढ्यांत भारतीय उत्पादन शिक्षणाचे संक्रमण सामावलेले आहे.

१९१६–१८ च्या भारतीय औद्योगिक आयोगाने देशातील शिक्षण अतिरिक्त पुस्तकी असल्याचे नोंदविले आणि कारखान्यातील प्रत्यक्ष अनुभवावर भर दिला. आयोगाचे सदस्य पंडित मदनमोहन मालवीय यांनी स्वतंत्र टिपण जोडले आणि १९१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. यंत्र व विद्युत अभियांत्रिकी यांना तेथे प्रारंभापासून महत्त्व होते. बांधकाम म्हणजेच अभियांत्रिकी हे समीकरण आता सुटू लागले होते.

विजेचे आगमन आणि विद्युत यंत्रे :
विद्युत यंत्रे हा विषय जगातच तुलनेने नवा आहे. मायकेल फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध १८३१ मध्ये लावला, तरी व्यवहारोपयोगी डायनॅमो १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. १८८२ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे विद्युत अभियांत्रिकीचे पहिले अध्यासन निर्माण झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांना प्रवर्तन मोटरचे पेटंट मिळाले. भारतात बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९११ पासून विद्युत तंत्रविद्येचा विभाग कार्यरत झाला. १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र सुरू झालेले असल्याने म्हैसूर संस्थानात या विषयाला भूमी तयार होती.

मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून साकार झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली आणि खोपोली येथील केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरील पहिली रेल्वे १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर सुरू झाली आणि १९२९ मध्ये विद्युतीकरण घाट चढून पुण्यापर्यंत पोहोचले.

या घटनांनी अभियांत्रिकी शिक्षणापुढे नवी मागणी उभी केली. गिरणीत पूर्वी एका मोठ्या वाफेच्या इंजिनावरून दोर, पट्टे व लांब दांडे यांच्या साहाय्याने सर्व यंत्रांना गती दिली जात असे. विजेची मोटर आल्यावर खात्याला, आणि कालांतराने प्रत्येक यंत्राला, स्वतंत्र चालक मिळाला. आता मोटर का तापते, कोणत्या भाराला किती प्रवाह घेते, जळालेले वाइंडिंग पुन्हा कसे भरावे हे जाणणारा माणूस हवा होता. रेल्वेला तर आरंभीच मोठा जोर देणारी एकदिश सिरीज मोटर आणि तिचा वेग नियंत्रित करण्याची विद्या हवी होती. पुण्याच्या महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्र व विद्युत या शाखांचा विस्तार झाला तो या पार्श्वभूमीवर.

विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांची नावे पाहिली असता तिचे कूळ ध्यानात येते. हॉपकिन्सन चाचणी, स्विनबर्न चाचणी, रोहित्रावरील सम्पनर चाचणी, वॉर्ड-लिओनार्ड पद्धतीने वेगनियंत्रण या सर्वांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आहे. त्या काळच्या कारखानदारापुढे एक व्यावहारिक अडचण होती. मोठे यंत्र बनवून झाले, पण पूर्ण भारावर ते किती तापते हे पाहावयाचे तर तेवढी ऊर्जा आणावयाची कोठून आणि टाकावयाची कोठे? हॉपकिन्सन यांनी दोन समान यंत्रे एकमेकांस जोडली. एक मोटर म्हणून चालते आणि दुसऱ्यास फिरविते, दुसरे जनित्र म्हणून वीज निर्माण करून ती पहिल्यास परत देते. बाहेरून फक्त दोघांतील ऊर्जाव्यय भरून काढावा लागतो. स्विनबर्न यांनी तर यंत्र रिकामे चालवून पूर्ण भारावरील कार्यक्षमतेचे अनुमान काढण्याची रीत दिली. विद्यार्थी आज ज्यास ‘प्रयोग क्रमांक चार’ म्हणून ओळखतो, ते मुळात कारखान्याच्या चाचणी विभागातील काटकसरीचे तंत्र होते. हा संदर्भ गळाला की उरते ती केवळ वाचने, कोष्टक आणि आलेख.

हीच गोष्ट यंत्राच्या घडणीबाबत. प्रवर्तन मोटरमध्ये स्थिर भाग व फिरता भाग यांच्यात हवेची फट अत्यंत कमी ठेवावी लागते. बेअरिंगची बैठक लेथवर किंचित तिरकी कातली गेली, तर ही फट एका बाजूस कमी होऊन चुंबकीय ओढ असमान होते, यंत्र आवाज करते आणि बेअरिंग लवकर झिजते. गाभ्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पोलादी पत्रे वापरले जातात. साचा बोथट झाल्यास पत्र्याच्या कडेस कंगोरा राहतो, दोन पत्र्यांमधील विद्युतरोधन भेदले जाते आणि भोवरी प्रवाहामुळे गाभा तापतो. यंत्राच्या समीकरणातील ऊर्जाव्यय हा असा कर्मशाळेतील कारागिरीचा परिणाम असतो. विद्युत यंत्रे आणि उत्पादन प्रक्रिया यांची सीमारेषा विद्यापीठाच्या पत्रकात स्पष्ट असली, तरी यंत्रात ती आढळत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि प्रकल्प व्यवस्थापन :
विश्वेश्वरय्या यांनी १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धरणांचा अभियंता म्हणून आरंभ केलेल्या या पुरुषाने औद्योगिकीकरण हेच राष्ट्राचे कार्य मानावे, यात काळाची दिशा दिसते. १९४५ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची स्थापना झाली. सांगली येथे १९४७ मध्ये, पवई येथे १९५८ मध्ये आणि नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व कराड येथे १९६० मध्ये संस्था उभ्या राहिल्या. भोपाळ येथे अवजड विद्युत सामग्रीचा कारखाना १९५० च्या दशकात हाती घेण्यात आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. विद्युत यंत्रे केवळ चालविणारा देश ती घडविणारा देश होऊ पाहत होता.

महाराष्ट्रात या काळाचे प्रतीक म्हणजे कोयना प्रकल्प. सह्याद्रीच्या पोटात भूमिगत वीजगृह, डोंगर फोडून काढलेले बोगदे आणि पश्चिमेकडील उताराचा लाभ घेणारी योजना अशा या प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मितीस आरंभ झाला. पुढील टप्प्यांसह त्याची एकूण क्षमता १९६० मेगावॉट झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने धरणाला हादरे दिले आणि त्यानंतर मजबुतीकरण करावे लागले. चौथ्या टप्प्यासाठी मार्च १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडून पाणी बोगद्यात घेण्यात आले. अशा कामात स्थापत्य, यंत्र व विद्युत या शाखांची कामे एकमेकांच्या वेळेवर अवलंबून असतात. बोगदा पूर्ण न झाल्यास टर्बाइन निरुपयोगी, आणि जनित्र वेळेत न आल्यास बोगदा निष्फळ.

अशा गुंतागुंतीच्या कामांसाठी जगभर नवी तंत्रे विकसित होत होती. हेन्री गँट यांचे पट्टीचित्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रचलित होते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात ‘पर्ट’ पद्धत सिद्ध झाली. भारतात १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था (‘नीटी’) स्थापन झाली. ही संस्था २०२३ पासून आय. आय. एम. मुंबई म्हणून ओळखली जाते. औद्योगिक अभियांत्रिकीच्या वाटेने हे जाळ्यांचे आराखडे हळूहळू पदवी अभ्यासक्रमात शिरले. बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकातून आलेली जुनी परंपरा मात्र स्थापत्य शाखेपुरती राहिली आणि नव्या विषयाशी तिचे नाते फारसे जोडले गेले नाही.

तीन विषयांतील अंतर्गत नाते :
एका साध्या उदाहरणाने हे नाते स्पष्ट करता येईल. समजा, एका कारखान्यात रोहित्र बसवावयाचे आहे. पाया बांधण्यास ३० दिवस, रोहित्र घडवून तपासण्यास ९० दिवस, वाहतुकीस १० दिवस, जोडणीस १५ दिवस आणि अंतिम चाचणीस ५ दिवस लागतात. पाया व रोहित्र ही कामे एकाच वेळी सुरू होऊ शकतात. पायाच्या मार्गाने हिशोब ५० दिवसांचा, तर रोहित्राच्या मार्गाने १२० दिवसांचा होतो. म्हणजे १२० दिवसांचा मार्ग निर्णायक ठरतो. पायाचे काम ७० दिवस लांबले तरी प्रकल्प लांबत नाही आणि ते दहा दिवस आधी पुरे केले तरी प्रकल्प एका दिवसानेही आखूड होत नाही. परीक्षेतील उत्तर येथे संपते.

अभियंत्याचा प्रश्न मात्र येथून सुरू होतो. हे ९० दिवस आले कोठून? त्यांत पत्रे कापणे, गाभा रचणे, वाइंडिंग भरणे, कागद व पुठ्ठ्याच्या रोधनातील ओलावा उष्णता व निर्वात यांच्या साहाय्याने काढणे, तेल भरणे आणि चाचण्या घेणे यांचा अंतर्भाव आहे. वाइंडिंगवर अधिक कारागीर नेमले तर काही दिवस वाचतील. पण ओलावा निघण्यास जो अवधी लागतो तो माणसे वाढवून कमी होत नाही. तो घाईने उरकला तर रोधन दुर्बल राहते आणि रोहित्र पुढे केव्हा तरी निकामी होते. कोणता दिवस वाचविता येतो आणि कोणता येत नाही, हा निर्णय आराखड्यातून मिळत नाही, तो उत्पादन प्रक्रियेच्या आणि विद्युत यंत्रांच्या ज्ञानातून मिळतो. या ज्ञानाविना प्रकल्प व्यवस्थापन हे इतरांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज ठरते. फुले यांच्या काळी खोट्या मोजमापाचा जो प्रश्न होता, तोच येथे खोट्या कालावधीच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. आकडा तपासण्याची पात्रता नसलेला मनुष्य त्याखाली सही मात्र करीत असतो.

१९८३ नंतरची स्थिती :
१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थ्यांसाठी त्यामुळे दारे उघडली, हे त्या धोरणाचे मोठे श्रेय होय. परंतु ओतशाळा, लेथ आणि मोटर-जनित्र संच यांना जागा, भांडवल व कुशल निदेशक लागतात. फळा व खडू यांना ते लागत नाहीत. पुढे संगणकाधारित शाखांकडे ओघ वाढला, तेव्हा हा भेद अधिकच जाणवू लागला. २००९ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने आभासी प्रयोगशाळांचा उपक्रम सुरू झाला आणि मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत अनेक विद्यार्थ्यांनी यंत्रांची प्रात्यक्षिके पडद्यावरच पाहिली.

जून २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा कायम सदस्य झाला आणि अधिमान्यतेच्या निकषांत पदवीधराच्या अपेक्षित गुणांमध्ये प्रकल्प व्यवस्थापन व वित्त यांचा स्पष्ट समावेश झाला. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तंत्रशिक्षण परिषदेने पदवीचे एकूण श्रेयांक १६० पर्यंत कमी केले आणि उद्योगातील प्रशिक्षणास स्थान दिले. भार कमी करण्याचा हेतू योग्यच आहे. तथापि काय कमी करावयाचे हा निर्णय अखेर अभ्यास मंडळांच्या हाती असतो, आणि जे विषय कागदावर मांडण्यास सोपे असतात ते टिकतात, तर ज्यांना जागा व वेळ लागतो ते आकसतात, असा धोका संभवतो.

विषयही बदलला आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची व्यवस्था २०१२ ते २०१६ या काळात टप्प्याटप्प्याने संपुष्टात आली आणि नव्या गाड्यांत अर्धवाहक उपकरणांनी नियंत्रित होणाऱ्या त्रिकला प्रवर्तन मोटरी आल्या. विद्युत वाहनांमुळे यंत्राची रचना, चुंबके आणि त्यांचे उत्पादन हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. जुन्या चाचण्यांतील काही आता गाळता येतील, परंतु यंत्रास हात लावून शिकण्याची गरज त्यामुळे कमी झालेली नाही.

निष्कर्ष :
१. पश्चिम भारतातील अभियांत्रिकी पदवीत प्रथम बांधकाम खात्याच्या, नंतर गिरणी व वीज कंपन्यांच्या आणि शेवटी नियोजनबद्ध उद्योगांच्या गरजेतून विषय समाविष्ट झाले. पदवीची रचना ही या थरांची बेरीज आहे.
२. प्रकल्प व्यवस्थापन हा विषय नावाने नवा असला, तरी अंदाजपत्रक व मोजमाप यांच्या रूपाने तो पहिल्या थरातच अस्तित्वात होता. त्याचे नैतिक अंगही तेव्हापासूनचे आहे.
३. पदवी व पदविका यांच्या विभागणीमुळे हाताच्या कामास दुय्यम स्थान मिळाले. या विभागणीस श्रमविषयक सामाजिक धारणांनी बळ दिले. कलाभवनासारखे प्रयोग या धारणांना छेद देणारे होते.
४. विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा ही कारखान्यातील चाचणी विभागाची वारस आहे. तो संदर्भ अध्यापनात पुन्हा आणल्यास प्रात्यक्षिकांना अर्थ प्राप्त होईल.
५. उत्पादन, यंत्र व व्यवस्थापन यांना जोडणारा एखादा समान प्रकल्प अभ्यासक्रमात ठेवणे हितावह ठरेल. एक लहान रोहित्र वा मोटर आखणे, घडविणे, तपासणे आणि त्याचा खर्च व कालावधी मांडणे हे काम कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे.

समारोप :
१८५४ च्या पुण्यातील वर्गाच्या नावात ‘इंजिनिअरिंग क्लास’ आणि ‘मेकॅनिकल स्कूल’ ही दोन नावे जोडून आली होती. नामांतरांच्या ओघात दुसरे नाव गळून पडले. वर्ग आणि कर्मशाळा यांच्यातील ते ‘आणि’ पुढील दीड शतकात बडोदा, मुंबई व किर्लोस्करवाडी येथे निरनिराळ्या रीतीने जोडण्याचे प्रयत्न झाले. श्रेयांकांची फेरमांडणी करणाऱ्या अभ्यास मंडळांपुढे हा इतिहास असेल, तर कोणते तास कमी करावयाचे आणि कोणते राखावयाचे याचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल.